सान्यालबाबूंचे पॉइंट अठ्ठावन्न

दुर्गापूजा संपून विजया झाली, की हिरण्मयी भादुडी न चुकता आपल्या सरांच्या, अनादिनाथ सान्यालांच्या, घरी जायची. पाया पडायची, मासीमांच्या हातचे नारळाचे लाडू खायची आणि निघताना म्हणायची, "मास्टरमशाय, तब्येतीला जपा. तुम्ही शंभर वर्षं जगायला हवं." मासीमांच्या, म्हणजे सान्यालबाईंच्या, डोळ्यांत पाणी यायचं. पोटची पोरगी एवढी काळजी करत नाही, असं त्या गल्लीभर सांगायच्या. हिरण्मयी खोटं बोलत नव्हती. म्हाताऱ्यानं जगावं असं तिला अगदी आतून वाटायचं, कारण तो वेळेआधी मेला असता तर तिचा सगळा डाव पाण्यात गेला असता.

सव्वीस वर्षं तिनं एक प्रश्न पोटात ठेवला. लोक मुतखडा इतके दिवस सांभाळत नाहीत.

ती बरानगरची, कलकत्त्याच्या वरच्या अंगाला नदीकाठावरची. बाप भूपती भादुडी बंदर खात्यात होता. काम एवढंच, की घाटाशी रोवलेल्या काठीवर पाणी किती फुटांपर्यंत चढलं ते दिवसातून चारदा बघायचं आणि रजिस्टरात लिहायचं. पण उधाणाला बान यायचा. समुद्राचं पाणी हुगळीच्या तोंडातून आत घुसतं, पुढं नदी निमुळती होत जाते, आणि मग पाण्याची आडवी भिंत उलटी धावत वर येते, तो बान. काठावर आरोळी उठायची, नाववाले नावा काठापासून सोडवून मधोमध न्यायचे, आंघोळीच्या बायका साड्या सावरत वर पळायच्या, आणि भूपतीबाबूंची काठी पार पाण्याखाली जायची. काठी दिसेना, पण पायऱ्या दिसायच्या. म्हणून बानाची उंची ते घरच्या एका वेगळ्या वहीत पायऱ्यांनी लिहायचे. जेवताना आई विचारायची, "आज किती?" ते म्हणायचे, "साडेसहा." साडेसहा काय, हे त्या घरात कधी कुणी विचारलं नाही. आपल्या घरात भात कशाचा, असं कुणी विचारतं का?

या वहीवर हिरण्मयी वाढली. गणितात एम.एस्सी. झाली, पहिली आली, आणि विद्यापीठात सान्यालबाबूंच्या हाताखाली संशोधनाला लागली. ती त्यांची पहिली विद्यार्थिनी, तिच्याआधी मुलगाही कुणी नव्हता. बाकीच्या पोरी बीजगणितात गेल्या, हिला लाटाच हव्या होत्या. नदी अरुंद होत जाते तसा बान किती चढतो, हे तिनं समीकरणात बसवायला घेतलं. खाली बरानगरचे बापाचे आकडे होते. वर चुंचुड्याला मामा राहायचे, त्यांच्या धक्क्याच्या भिंतीवर फुटांच्या खुणा रंगवलेल्या होत्या, तिथले आकडे मामांनी पोस्टकार्डावर पाठवले. दोन वर्षं तिनं पोत्यानं कागद घासले. सत्तर साली, ऐन उन्हाळ्यात, सूत्र सुटलं. खालची उंची आणि नदीची रुंदी घाला, वरची उंची हातात. कच्च्या वहीत तिनं ते मांडलं आणि सगळ्याच्या आधी पॉइंट अठ्ठावन्ननं गुणलं, कारण बरानगरच्या घाटाची पायरी सात इंचांची, आणि सात भागिले बारा म्हणजे पॉइंट अठ्ठावन्न. पायऱ्यांचे फूट झाले, संपलं. शेजारी खुलासा लिहिला नाही. स्वतःच्या वहीत स्वतःला काय सांगायचं?

सान्यालबाबू म्हणाले, "वही ठेवून जा, नजर टाकतो." तिनं ठेवली. त्याच आठवड्यात तिला कावीळ झाली आणि चार महिने ती उकडलेली पपई खात पडून राहिली. उठून गेली तर वही सापडत नव्हती. सर म्हणाले, घरी असेल, मासीमांनी आवरून कुठं ठेवली असेल, बघतो. बघता बघता डिसेंबर आला, आणि ग्रंथालयात विलायती नियतकालिकाचा नवा अंक आला. त्यात तिचं सूत्र होतं, तिचा तक्ता होता, आणि वर एकच नाव होतं, अनादिनाथ सान्याल. शेवटी बारीक अक्षरात एक ओळ होती. आकडेमोडीतल्या मदतीबद्दल कु. भादुडी हिचे आभार.

आयत्या बिळावर नागोबा ऐकून सगळ्यांनाच माहीत असतो. बीळ आपलं असलं की त्याचा अर्थ कळतो. ती अंक घेऊन तडक त्यांच्या खोलीत गेली.

"मास्टरमशाय, हे माझं आहे."

सान्यालबाबू चहात बिस्कीट बुडवत होते. तेव्हा ते चोपन्न वर्षांचे होते, धोतर कडक इस्त्रीचं, आवाज मधाचा. ते रागावले नाहीत, तेच वाईट. "अगं हिरण, गुरूचं आणि शिष्याचं काय वेगळं असतं? आणि तुला नाव घेऊन करायचंय काय? दोन वर्षांत लग्न होईल, नाव बदलेल. मग कोण कुठली भादुडी म्हणून लोक कुणाला शोधत बसणार?" असं म्हणून त्यांनी ते बिस्कीट खाल्लं.

तिच्या अंगाची लाही लाही झाली. ग्रंथालयात परत जाऊन तो लेख तिनं पुन्हा वाचला, तांदळातले खडे निवडावेत तसा एकेक अक्षर करून. आणि पाचव्या पानावर तिला खडा सापडला.

सान्यालबाबूंनी तक्त्यातले दोन्ही रकाने फुटांतच आहेत असं धरलं होतं. बरानगरचा रकाना पायऱ्यांचा आहे हे त्यांना कोण सांगणार? ती काविळीत, आणि तिच्या बापाशी बोलायला हे कधी घाटावर फिरकलेले नाहीत. पण मग फुटांना फुटांत आणायला पॉइंट अठ्ठावन्न हवंय कशाला? एखाद्यानं विचारलं असतं. यांनी विचारलं नाही, उलट त्या आकड्याला बारसं करून पाळण्यात घातलं. पानभर लिहिलं, की हा निसर्गाचा स्थिरांक आहे, बानाची शंभरातले अठ्ठावन्न भाग उंची टिकते आणि उरलेली बेचाळीस तळाचा चिखल खातो. बरानगरच्या घाटाची विटांची पायरी, जिच्यावर बायका धुणं आपटायच्या, ती या माणसानं जगातल्या समस्त नद्यांना लावून टाकली होती. हिरण्मयी हसायला लागली. ग्रंथपालानं दोनदा दटावलं तरी तिला थांबवेना.

घरी जाऊन तिनं बापाला सांगितलं. भूपतीबाबू हसले नाहीत. त्यांनी आयुष्यात एक चुकीचा आकडा रजिस्टरात राहू दिला नव्हता. ते म्हणाले, "उद्या जा आणि विचार त्याला. चुकीचं माप लिहिलेलं राहू देऊ नये."

"आत्ता नको, बाबा," ती म्हणाली. "आत्ता विचारलं तर तो म्हणेल छपाईची चूक आणि दुरुस्ती करून मोकळा होईल. अजून तो कोण लागून गेलाय? आधी चढू दे त्याला. जितका चढेल तितकं बरं."

बापाला हे पटलं नाही. दोन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. पुढं तेरा वर्षं ते जगले आणि अधूनमधून, मासे साफ करता करता, विचारायचे, "विचारलंस का?" ती म्हणायची, अजून नाही. शेवटच्या दुखण्यातही त्यांनी ते एकदा विचारलं होतं. उत्तर तेच होतं.

त्या विभागात एक रिवाज होता. कुणाचंही व्याख्यान झालं की पहिला प्रश्न त्याच्या पहिल्या विद्यार्थ्यानं विचारायचा. बहुतेक वेळा तो मानाचा, गुळचट प्रश्न असायचा, आदल्या दिवशी सांगून ठेवलेला. सान्यालबाबूंच्या व्याख्यानात तो हक्क हिरण्मयीचा होता, आणि तिला तिथंच, घरच्या सभागृहात, घरच्या माणसांसमोर विचारायचं होतं. नियतकालिकात टिपण धाडलं असतं तर तीन माणसांनी वाचलं असतं, त्यातल्या दोघांनी डुलक्या घेत. पण गंमत अशी, की पंच्याहत्तरनंतर सान्यालबाबू घरच्या विभागात बानावर बोलेनातच. दिल्लीत बोलायचे, परदेशात बोलायचे, इथं मात्र कधी घसा बसलेला, कधी ब्लडप्रेशर. जिने चढता उतरता ती समोर आली तर नजर वळवायचे. लोक म्हणायचे, मोठा माणूस, प्रसिद्धीचा तिटकारा. ती मनात म्हणायची, माज आहे माज.

आणि तो माणूस चढत गेला. पॉइंट अठ्ठावन्नला सान्याल स्थिरांक म्हणू लागले. पाठ्यपुस्तकात आला, परीक्षेत आला. चीनमधल्या नदीवर कुणी मोजून पाहिलं, बसेना. तर विद्वानांनी ठरवलं, की तिथला चिखल वेगळा. ब्राझीलमध्ये बसेना, तिथला चिखल त्याहून वेगळा. बसत नाही म्हणून सूत्र खोटं असं कुणी म्हणेना, सगळे चिखलावरच ढकलत राहिले. नुसत्या चिखलावर तिघांना डॉक्टरेट मिळाली. एका प्रबंधाची परीक्षक हिरण्मयीच होती. तिनं तो पास केला आणि शेरा लिहिला, परिश्रम उल्लेखनीय.

तिचं स्वतःचं काम काही थांबलं नव्हतं, हेही सांगायला हवं. बंगालच्या उपसागरात नद्यांचं गोडं पाणी वर तरंगतं आणि खारं खाली राहतं. त्या दोन थरांच्या मध्ये, वरून बघणाऱ्याला पत्ता लागू न देता, लाटा चालतात. वर सगळं शांत आणि खाली दहा पुरुष उंचीची लाट. या लाटांवर तिनं पस्तीस लेख लिहिले, तेवीस वर्षं शिकवलं, लग्न केलं नाही आणि भादुडीची भादुडीच राहिली. विद्यार्थी तिला चळचळा कापायचे. उत्तर बरोबर असेल पण पुढं फूट, सेकंद, किलो काय ते लिहिलं नसेल तर सरळ शून्य. "प्रत्येक आकड्याला गाव असतं," ती म्हणायची. "आधी गाव सांग, मग पुढं बोल." पोरं तिला मागून गाववाली दीदी म्हणायची.

एक्याण्णव साली सान्यालबाबूंना हृदयविकाराचा झटका आला. ही बातमी ऐकून ती बाजारात गेली आणि जिवंत मागूर मासे, आजाऱ्याला देतात ते, घेऊन आली. सतरा दिवस, रोज सकाळी, स्टीलच्या डब्यात कालवण घेऊन ती इस्पितळात गेली. चमच्यानं भरवलं. म्हातारा तिच्याकडे न बघता गिळायचा. मासीमा पदरानं डोळे पुसायच्या. "मागच्या जन्मीचं काही देणं लागत असेल," त्या म्हणायच्या. मागच्या जन्मीचं काही नव्हतं, याच जन्मीचं होतं.

शहाण्णव साली सान्यालबाबूंना ऐंशी वर्षं झाली. विभागप्रमुख तेव्हा त्रिदिब नंदी होता, हिरण्मयीचाच विद्यार्थी, गावाशिवाय आकडा लिहून दोनदा शून्य खाल्लेला. त्यानं सत्कार ठरवला, आणि सत्कारमूर्तींचं व्याख्यान, बानावरच, जुन्या सभागृहात. सान्यालबाबू तीनदा नाही म्हणाले. मग हिरण्मयी मासीमांकडे जाऊन बसली. म्हणाली, सगळ्या जगानं ऐकलं आणि घरच्यांनीच ऐकायचं नाही का? ते सूत्र सरांच्या तोंडून ऐकल्याशिवाय आम्ही मरायचं का? मासीमांनी त्या दिवसापासून नवऱ्याचं डोकं खाल्लं. चौथ्यांदा ते हो म्हणाले.

डिसेंबरचा दिवस होता. सभागृह गच्च भरलेलं, जुने विद्यार्थी कुठून कुठून आलेले. झेंडूचे हार, खांद्यावर शाल, बाहेर टेबलावर गरम सिंघाडे, म्हणजे तिकडचे समोसे, आणि नव्या गुळाची संदेश मिठाई भरलेले खोके. हिरण्मयी पहिल्या रांगेत बसली होती, मांडीवर बापाची वही. सान्यालबाबू चाळीस मिनिटं बोलले. आवाज अजून मधाचा होता. शेवटी त्यांनी फळ्यावर सूत्र लिहिलं आणि त्याला चौकट केली. टाळ्या झाल्या. त्रिदिब हसत म्हणाला, "आता रिवाजाप्रमाणे पहिला प्रश्न हिरणदींचा."

ती उठली. "मास्टरमशाय, हे पॉइंट अठ्ठावन्न आलं कुठून?"

मागची पोरं हसली. सान्यालबाबूंनाच सान्याल स्थिरांक कुठून आला म्हणून विचारायचं, चांगला विनोद होता. सान्यालबाबू हसले नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला, हात झटकले आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "सात इंचांतून."

मग ते सगळंच बोलले. बरानगरच्या घाटाची पायरी सात इंचांची आहे. लेख छापून पाच वर्षं झाल्यावर, कुठंच ताळा जुळेना म्हणून, मी एकदा तिथं जाऊन बसलो आणि फूटपट्टीनं पायरी मोजली. तक्त्यातली उंची पायऱ्यांत होती, मी फूट समजलो. चिखलाचा काही संबंध नाही, चिखलावर ज्यांनी वर्षं घालवली त्यांची मी माफी मागतो. सांगायचं धाडस झालं नाही. "ही मुलगी हा प्रश्न कधी विचारते, याची मी एकवीस वर्षं वाट बघतोय. इस्पितळात ही मला कालवण भरवायची तेव्हा प्रत्येक घासाला वाटायचं, आता विचारेल. आज विचारलंस, हिरण. मी मोकळा झालो."

मग मागून एकानं टाळी वाजवली, दुसऱ्यानं वाजवली, आणि बघता बघता सगळं सभागृह उभं राहिलं. ऐंशीव्या वर्षी स्वतःची चूक चारचौघांत कबूल करायची म्हणजे केवढं मन लागतं, असं लोक एकमेकांना सांगू लागले. एका म्हाताऱ्या प्राध्यापकानं चष्मा काढून डोळे टिपले. चिखलाच्या तीन डॉक्टरांपैकी एक जण, ज्याचा प्रबंध आत्ताच पाण्यात गेला होता, तोही टाळ्या पिटत होता. त्रिदिब गदगदून माईकवर म्हणाला, की विज्ञान म्हणजे हेच.

सव्वीस वर्षं जो खड्डा हिरण्मयी खणत होती, त्याच्या मातीचा ढिगारा करून हा माणूस त्यावर चढून बसला होता. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. ते तिच्याकडेच बघत होते, आणि त्या नजरेत सुटका होती, शिवाय थोडी चलाखीही होती. उत्तर एकवीस वर्षं पाठ केलेलं होतं. चूक कबूल केली होती, अगदी इंचासकट. चोरीबद्दल अवाक्षर नव्हतं.

टाळ्या थांबल्या, लोक बसले. ती बसली नाही.

"हिरणदी, बसा ना," त्रिदिब हळूच म्हणाला. "चहा निवतोय."

"पहिला प्रश्न रिवाजाचा होता," ती म्हणाली. "दुसरा माझा आहे. मास्टरमशाय, हे सूत्र ज्यानं मांडलं, त्यालाच उंची कशात मोजलीय हे माहीत नव्हतं, हे कसं झालं?"

ते गणितवाल्यांचं सभागृह होतं. तिथं कुणाला उलगडून सांगायची गरज नव्हती. आधी पुढच्या रांगेला कळलं, मग मधल्या, मग मागच्या. ज्यानं पायऱ्यांचे फूट करायला स्वतः पॉइंट अठ्ठावन्न लिहिलं, त्याला ते काय आहे हे विसरणं शक्य नव्हतं. ही चूक मांडणाऱ्याच्या हातून होत नाही. ती फक्त उतरवून घेणाऱ्याच्या हातून होते.

या प्रश्नाचं उत्तर सान्यालबाबूंनी पाठ केलं नव्हतं. पहिल्या रांगेत मासीमा बसल्या होत्या. त्यांना एका कानानं कमी ऐकू यायचं आणि गणित तर दोन्ही कानांनी यायचं नाही. त्या कौतुकानं मोठ्यांदा म्हणाल्या, "अहो, पोरगी काहीतरी विचारतेय. सांगा की तिला."

सान्यालबाबूंनी बायकोकडे पाहिलं. मग फळ्याकडे पाठ करून, आवाजातला सगळा मध संपल्यावर, ते म्हणाले, "ते मी मांडलेलं नाही. तिचं आहे. मी तिची वही घेतली होती."

या वेळी कुणी टाळी वाजवली नाही. ते खुर्चीत बसले तेव्हा खांद्यावरची शाल घसरून जमिनीवर पडली आणि कुणी उचललीही नाही.

बाहेर व्हरांड्यात मासीमांनी तिला गाठलं. त्यांना कुणीतरी कानात समजावून सांगितलं होतं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "विजयेला यायचीस," त्या म्हणाल्या. "आजारपणात केलंस. ते सगळं याच्यासाठीच?"

खोटं बोलता आलं असतं. म्हातारीनं तिचं काही वाकडं केलं नव्हतं. "हो, मासीमा," हिरण्मयी म्हणाली.

हातातला खाऊचा खोका मासीमांनी तिच्या हातात ठेवला आणि नवऱ्याला आधार द्यायला आत गेल्या.

ती बस पकडून बरानगरला आली. घाटावर ऊन होतं. खालच्या पायऱ्या गाळात गेल्या होत्या, वरच्या जागच्या जागी होत्या. सूड घेतला की माणूस आतून रिकामा होतो असं सांगतात. तिनं वाट बघितली, तसं काही झालं नाही. तिला कडकडून भूक लागली होती. बापाच्या पायरीवर बसून तिनं खोक्यातले दोन्ही संदेश खाल्ले, मग सिंघाडा खाल्ला, बोटं पदराला पुसली आणि पाण्याकडे बघून म्हणाली, "बाबा, विचारलं." आता ते ऐकायला बाप नव्हता. तेवढं एक तिला लागलं, कारण तेरा वर्षं रोज विचारता आलं असतं आणि ती फळ पिकायची वाट बघत राहिली होती.

सूत्रावर पुढं तिचं नाव चढलं आणि पॉइंट अठ्ठावन्न पुस्तकातून गेलं. सान्यालबाबू आणखी चार वर्षं जगले. पुढच्या विजयेच्या दिवशी सकाळी, सव्वीस वर्षांच्या सवयीनं, ती कडक साडी नेसून दारापर्यंत आली, आणि मग चपला काढून आत जाऊन बसली. म्हातारा जगतो की मरतो, याची चौकशी करायचं आता तिला काही कारण नव्हतं.